चौसष्टातले चार

बस इथे, उजेडाकडे तोंड करून. मी बोलेन तसंच लिही हं. मधेच सुधारत बसू नकोस, माझी गाडी रुळावरून घसरली की परत चढत नाही.

तुझ्या धाकट्या काकूबद्दल सांगायचंय. तू म्हणशील, काकूला मी ओळखते की. तू ओळखतेस ती दार लावून काम करणारी, वाढदिवसाला पुस्तक हातात देऊन पळ काढणारी काकू. आधी ती अशी नव्हती गं. ती नि तुझा काका मिळून घर डोक्यावर घ्यायचे.

ती शिंप्याची लेक. रस्त्याच्या कोपऱ्यावर एका खोलीचं दुकान, त्यात दोन शिलाई मशिनी, आणि वर पोटमाळ्यावर ही सगळी माणसं राहायची. ही मशिनीखाली बसून चिंध्यांशी खेळत मोठी झाली. म्हणते, मी अक्षरं नंतर शिकले, मोजपट्टी आधी शिकले. पुढे शिकली, पुष्कळ शिकली, कॉम्प्युटरच्या पोटात हात घालण्याएवढी शिकली, पण हात राहिला तो शिंप्याचाच. साधा पाव कापायला घेतला तरी आधी डोळ्यांनी मापणार, मग सुरी लावणार. बारक्या तिला चिडवायचा, 'खुणेचा खडू देऊ का?'

बारक्या म्हणजे तुझा काका, माझं शेंडेफळ. लहानपणी काडी होता म्हणून बारक्या. नंतर असा वाढला की दारातून आडवं व्हावं लागायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दोघांची गाठ कामावर पडली. लग्न झालं, आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. मागची खोली त्यांच्या कामाची. दोन टेबलं, खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या, म्हणजे बसले की ह्याचं तोंड भिंतीकडे नि हिचं खिडकीकडे. तोंड न बघताही किती छान भांडता येतं ते मी त्या खोलीत पाहिलं.

आता काम काय करायचे ते सांगते, मला जेवढं समजलं तेवढं. कॉम्प्युटरच्या पोटात एक गाभा असतो. त्याला हे लोक कर्नल म्हणतात. फौजेतला नव्हे. मी आपलं पहिल्यांदा विचारलं होतं, कुठल्या पलटणीचा म्हणून, तर दोघं खुर्चीवरून पडायचे राहिले. तर त्या गाभ्याला यंत्राच्या एकेका अवयवाशी बोलायला एकेक दुभाष्या लागतो, त्याला म्हणायचं ड्रायव्हर. बारक्याकडे एका चिपचा ड्रायव्हर होता. चिप केवढी, तर नखाएवढी. पण मान मोठा, कारण कुलपाची चिप ती. यंत्राची किल्ली तिच्यापाशी. सकाळी यंत्र सुरू केलं की गाभा तिला म्हणतो, बाई, किल्ली दे. ती चौकशी करते, खात्री पटली की देते. नाही दिली तर मग बसा हात चोळत. यंत्र उघडत नाही म्हणजे नाही.

हे काम कंपनीचं नव्हतं, हौसेचं होतं. तो गाभा म्हणे जगभरची माणसं मिळून लिहितात. ज्याने जो भाग अंगावर घेतला त्याचं नाव नि पत्ता तिथेच नोंदवतात, राखणदार म्हणून. त्या भागात काही बिनसलं की मेल त्या राखणदाराला. बारक्याला केवढा अभिमान त्याचा! 'आई, जगात कुठेही ही चिप अडली ना, तर लोक मला हाका मारतात.'

मी म्हणायचे, 'न्हाणीतला नळ पण हाका मारतोय कधीचा. तो जगात येत नाही वाटतं?'

आता मुख्य गोष्ट ऐक. ती चिप नाजूक. एकदम सगळं बोललं तर तिला पेलत नाही. म्हणून एका वेळी तारेतून तिच्याकडे किती अक्षरं पाठवायची, ह्याला हद्द घालायची होती. बारक्याने घातली चौसष्टाची. त्या चौसष्टावरून आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर जे रामायण झालं ते मला पाठ आहे.

'साठ धर,' काकू म्हणाली.

'चिप चौसष्ट घेते. तिनेच सांगितलंय.'

'चिप घेईल रे. मधल्या तारेचं काय? प्रत्येक खेपेला पुढे चार अक्षरं जातात ना, कोणाकडे जायचं नि कुठे जायचं सांगणारी? ती कोण मोजणार, तुझा मामा?'

'मामाला मधे आणू नकोस. तार मोकळी आहे, हवं तेवढं जातं तिच्यातून.'

'आजची तार मोकळी आहे. उद्या कोणी आखूड लावली मग?'

'आली शिंप्याची लेक! कापड अजून ठाणात आहे, आणि हिचं शिवणीत काय जाईल ते आधी.'

'आधीच बघावं लागतं. नाहीतर गिऱ्हाईक परत येतं, बगलेत तटतंय म्हणून.'

'अगं, साठ धरले की खेपा वाढतात. दर खेपेला चार जागा रिकाम्या न्यायच्या, कशासाठी? उद्याच्या आखूड तारेसाठी? आई, तू सांग. साठ की चौसष्ट?'

'मला एवढं कळतं की सूप गार झालंय,' मी म्हटलं.

चौसष्टच राहिले. आणि हे नीट लिही बाई, काकू मला अजून बजावते, 'आई, तो चुकला नव्हता. तेव्हा तशी तार नव्हतीच कुठे.' खरंच नव्हती. चौसष्टाच्या डोक्यावर ती चार आरामात बसून जायची. ती ओळ जगभर गेली, न बघितलेल्या गावांतल्या यंत्रांत जाऊन बसली. काकूनेही नंतर वाद घातला नाही. नवऱ्याशी कुठे ताणावं नि कुठे सैल सोडावं हे तिला बरोबर कळायचं.

मग तो गेला.

त्या दिवसात काही म्हणता काही नव्हतं. स्वयंपाकघरातला बल्ब उडाला, तो आणायला खाली उतरला. दुकानदार सांगत होता, बल्ब हातात घेतला, 'लावून दाखवा बरं' म्हणाला, आणि फळीवर हात टेकून हळूच खाली बसला. दमला असेल असं वाटलं त्याला. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हटलं, अहो, एवढा दाराएवढा माणूस, त्याला हृदयच तेवढं तकलादू कुठून मिळालं? डॉक्टर काय सांगणार बिचारे. बल्ब फुटला नव्हता. दुकानदाराने तो नंतर घरी आणून दिला. काकूने स्टुलावर चढून लावला, खाली उतरली, आणि तशीच स्टुलावर बसून राहिली.

रडलो, सगळ्या जगासारखंच रडलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण पुढे एक निराळंच सुरू झालं.

सकाळी स्वतःचं काम सुरू करायच्या आधी काकू त्याच्या खुर्चीत जाऊन बसायला लागली. त्याचा कॉम्प्युटर उघडायची आणि त्याला आलेले मेल वाचायची. कारण काय, तर त्या गाभ्याच्या लोकांना कोणी कळवलंच नव्हतं. तुझ्या बाबांनी त्याच्या कंपनीला कळवलं, बँकेत जाऊन आले, ज्या ज्या कचेरीत खेटे घालायचे तिथे घातले. पण ही माणसं कोणाच्या ध्यानात येणार? त्यांनी बारक्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या लेखी तो होता तसाच होता, भिंतीकडे तोंड करून बसलेला.

अकराच्या चहाला ती बाहेर यायची. मी काही विचारायच्या आतच सांगायची, 'तीन आलेत आज. एकाने काहीतरी लिहून पाठवलंय, बरोबर आहे का बघ म्हणतोय. आणि मुकादमाचा आहे एक.'

मुकादम म्हणजे त्या सगळ्या राखणदारांच्या वरचा एक म्हातारा. खडूस, पण बारक्यावर जीव.

'काय म्हणतो मुकादम?'

'बरेच दिवस आवाज नाही, सुट्टीवर आहेस का, विचारतोय.'

'मग तू काय कळवलंस?'

'काही नाही.'

आणि आम्ही दोघी चहा प्यायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं गं. कोणीतरी त्याला विचारतंय, म्हणजे कुठेतरी तो आहे. सुट्टीवर का होईना.

तुझे बाबा मात्र तापायचे. 'हे काय खूळ आहे? गेलेल्या माणसाचे मेल वाचायचे! बंद करून टाक ते खातं.'

'करते,' म्हणायची काकू.

'कधी?'

'करते म्हटलं ना.'

तुझे बाबा माझ्याकडे बघायचे, मी छताकडे बघायचे. 'तुम्ही दोघी सामील आहात एकमेकींना,' म्हणायचे नि जायचे. होतोच की सामील. सासू-सुनेचं एवढं मेतकूट कोणाच्या डोळ्यात खुपलं तर मी काय करू?

असं चाललं होतं. मग तो दवाखान्याचा मेल आला.

कुठलंसं बेट आहे, तिथे एक दवाखाना. तिथली यंत्रं बघणाऱ्या माणसाने बारक्याला लिहिलं होतं, की आमच्याकडे नवी लहान यंत्रं आलीयत, ती सकाळी उघडत नाहीत. चिप किल्ली देत नाही. एखाद्या दिवशी देते, एरवी नुसती मुकाट. नर्सबाई येऊन बसते, बाहेर आजारी माणसं ताटकळतात, आणि कोणाला कसला त्रास नि कोणतं औषध, ते सगळं आत कुलूपबंद. तुम्ही राखणदार आहात, कृपा करून बघा.

काकूने मला वाचून दाखवलं आणि कप नुसता हातात धरून बसली.

'काय झालंय यंत्राला?' मी विचारलं.

'आखूड तार,' ती म्हणाली. 'स्वस्तातली लावलीय. तिच्यातून एकूणच चौसष्ट जातात. पुढची चार धरली की होतात अडुसष्ट. मग मागची चार वाटेतच सांडतात. चिपला अर्धवट ऐकू येतं, तिला वाटतं कोणी तोतया आलाय, आणि ती तोंड मिटून घेते.'

'म्हणजे तू म्हणत होतीस तेच झालं.'

'असं म्हणू नका ना आई.' तिने कप खाली ठेवला. 'जिंकले मी. आता सांगू कोणाला जाऊन?'

मी तो कप तिच्याकडे सरकवला. मग म्हटलं, 'दुरुस्त करून टाक. तुला काय, हातचा मळ.'

'दुरुस्ती दुपारपर्यंत होईल. पाठवायची कोणाला? राखणदाराला पाठवतात. तो तपासतो, ठीक म्हणतो, मग ती मुकादमाकडे जाते. राखणदार कोण? बारक्या. मी बारक्याला मेल पाठवू, आणि मीच उघडू? आणि तो काही बोलला नाही की सगळे विचारणार, हा बोलत का नाही.'

मला कळलं. दुरुस्ती पाठवायची म्हणजे तो गेला हे सांगायचं. ते तिच्याच्याने होत नव्हतं. माझ्याच्याने तरी कुठे होणार होतं?

तिने दिवस ढकलले. तो बेटावरचा माणूस पुन्हा लिहायचा. सुरुवातीला अदबीने लिहीत होता, मग घायकुतीला आला. तसलीच तार असलेली दुसरीही माणसं उगवली. आणि हे मेल चोरून होत नाहीत हं, चावडीवर बोलल्यासारखं सगळ्यांना वाचता येतं. शेवटी एकाने तिथेच टोमणा हाणला, 'ह्या ड्रायव्हरचा राखणदार जिवंत आहे का? असला तर कोणी हलवून उठवा त्याला.'

बोलणाऱ्याची जीभ काय, उचलली नि टाळ्याला लावली. त्याला काय माहीत! मुकादमाने त्याला तिथल्या तिथे झापलं. म्हणाला, मी ह्या माणसाला चांगला ओळखतो, स्वतःच्या कामातली तक्रार ऐकून गप्प बसणारा तो नव्हे, काही कारण असेल, थांबा जरा.

ते वाचून काकू त्या दिवशी चहाला आलीच नाही.

दुपारी मला आतून हाक आली, 'आई, जरा या इकडे.' गेले. ती त्याच्याच खुर्चीत होती.

'हे बघा.'

'मी काय बघू? मला मुंग्या दिसतायत.'

'दुरुस्ती तयार आहे. खाली सही करायची असते. सही म्हणजे, हे मी केलं आणि ह्याची जबाबदारी माझी. तिथे मी...' ती अडखळली. 'तिथे मी त्याचं नाव घातलंय. त्याच्या पत्त्यावरून पाठवते. कोणाला कळणार नाही. त्या दवाखान्याचं काम होईल, बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील, आणि तो...'

'आणि तो राहील,' मी म्हटलं.

'हो.'

'मग पाठव.'

मी आई. मी दुसरं काय म्हणणार होते?

तिचं बोट बटणावर होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी. बाहेर कोणीतरी जिना झाडत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने बोट काही खाली नेलं नाही.

'माझं माप चुकलं असेल तर?' ती म्हणाली. 'उद्या ह्यातून काही निघालं तर लोक म्हणतील, बारक्याने घोळ घातला. त्याने न घातलेला घोळ. त्याला साधं विचारताही येत नाही मला, की बाबा, तुझ्या नावावर हे चालेल का. न विचारता शिवलेलं त्याच्या अंगात कसं घालू?'

'तो काही म्हणाला नसता गं.'

'म्हणाला असता. चांगला तासभर म्हणाला असता.' ती जराशी हसली. मग म्हणाली, 'आणि पुढच्या मेलला काय करू आई? त्याच्या पुढच्या? मी किती वर्षं बारक्या होऊन बसू?'

आणि तिने त्याचं नाव पुसून टाकलं. स्वतःचं लिहिलं.

मला राग आला. रागच आला, लिही तसं. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. थोड्या वेळाने ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

'आई, अजून एक आहे. दुरुस्ती पाठवताना वर लिहावं लागतं, कोणाच्या कुठल्या कामातली चूक दुरुस्त केली ते. रीत आहे तशी.'

'म्हणजे चुकीपुढे माझ्या लेकाचं नाव?'

'हो.'

'नाही लिहायचं. तो तुला सफाई द्यायला येणार आहे का? त्याची ओळ तशीच राहू दे, बाजूने ठिगळ लाव. ठिगळ लावता येत नाही का शिंप्याच्या लेकीला?'

'येतं. पण मग पुढे जो कोणी ती ओळ वाचेल त्याला वाटेल चौसष्ट पुरतात. तोही ह्याच खड्ड्यात जाईल.'

'जाईना का! जगाची काळजी तुला. तो माझा मुलगा होता!'

'आणि माझा कोणी नव्हता का?'

इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. माझ्या हातातून ताटली सुटली. फुटली नाही, नुसती गरगरत राहिली बराच वेळ, आणि ती थांबेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडे बघत बसलो. मग काकूने वाकून ती उचलली, पुसली, जागेवर ठेवली.

'ऐका,' ती हळू म्हणाली. 'त्याचे चौसष्ट मी काढत नाहीये. ते राहणार. फक्त आधी तारेला विचारायचं, तुला किती पेलतं. त्यातून ती चार वजा करायची. मग हे आणि चौसष्ट, दोन्हींत जे कमी असेल ते घ्यायचं. जिथे तार मोकळी असेल तिथे त्याचेच चौसष्ट चालतील.'

'खरं सांगतेस?'

'तुमच्याशी खोटं बोलून कुठे जाऊ?'

मग मी हात पुसले आणि तिच्याबरोबर आत गेले. तो गेला हे कसं लिहायचं, ते तिला जमत नव्हतं. मोठमोठं लिहायची आणि पुसायची. मला वाचून दाखवायची, मी म्हणायचे, 'हे भाषण झालं.' शेवटी म्हटलं, 'अगं, शेजारणीला सांगशील तसं सांग.' तेव्हा तिने लिहिलं, की बारक्या वारला. मी त्याची बायको. तुमचे मेल मी वाचत होते, पण मला सांगवलं नाही. ही दुरुस्ती मी करते आहे, कारण करायला तो नाही.

तेवढ्याने भागत नव्हतं. राखणदारांतून त्याचं नावही काढायचं होतं, ते तिनेच काढलं. त्यांच्यात असं आहे, की जे काढायचं ते लाल दिसतं आणि त्याच्या आधी एक आडवी रेघ येते, वजाबाकीला काढतात तशी. तिने काचेवर बोट ठेवून दाखवलं, 'ही त्याची ओळ.' मला अक्षर कळत नाही. लाल कळतं.

'मग नाव गेलंच का त्याचं कायमचं?'

'नाही. जी माणसं आता नाहीत त्यांची नावं दुसरीकडे ठेवतात. तिथे त्याने काय काम केलं ते एका ओळीत लिहायचं.'

'काय लिहिलंस?'

'कुलपाच्या चिपचा ड्रायव्हर सांभाळला. एका वेळी किती पाठवायचं, ह्याची हद्द घालून दिली.'

'एवढंच?'

'तिथे एवढंच लिहितात, आई.'

एवढा माझा हत्तीसारखा मुलगा! दोन वाक्यांत बसला. मी म्हटलं, 'नळ शेवटपर्यंत दुरुस्त केला नाही, ते घाल की.' तर हसायला लागली ती, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकलं, ते बराच वेळ वर उचललं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. मग उठून तिने बटण दाबलं. मला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मेलांची रीघ लागली, हिच्या नावाने. कुठली कुठली माणसं, कधी न पाहिलेली. चहा गार होईपर्यंत ती मला आपल्या भाषेत सांगत बसायची. एका मुलीने लिहिलं होतं, मी पहिल्यांदा काम पाठवलं तेव्हा सगळे हसले, एकट्या ह्याने नीट समजावलं. टोमणा मारणाऱ्याने लिहिलं, मला लाज वाटते. आणि मुकादमाने लिहिलं, मी त्याच्याशी इतकी वर्षं भांडलो, त्याचा चेहरा कसा होता हेही मला माहीत नाही, मला खरंच वाटत होतं तो सुट्टीवर आहे. आणि खाली त्याच मेलमध्ये, ऐक हं, त्याच मेलमध्ये लिहिलं, की तुमच्या दुरुस्तीत एक कच्चा दुवा आहे. एखादी तार मुळात चारपेक्षाही आखूड निघाली तर वजाबाकी उलटी होईल, ते सांभाळा आणि परत पाठवा.

'मेलं त्याचं डोकं!' मी म्हटलं. 'असल्या वेळी चुका काढतो?'

काकूचे डोळे भरलेले, पण पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सुटा झाला होता. 'बरोबर आहे त्याचं. माझी चूक आहे ती. बघा, बारक्याच्या नावावर गेली असती.'

तिने ते सांभाळून परत पाठवलं, आणि दुरुस्ती गाभ्यात गेली. बेटावरच्या माणसाने कळवलं की यंत्रं उघडतात आता, नर्सबाईंचा निरोप आहे, आभार मानते. मुकादमाने काकूला विचारलं, राखणदार व्हाल का? तुमच्याएवढं हे कोणाला माहीत नाही. काकूने दोन दिवस विचार केला आणि नाही कळवलं. मी कारण विचारलं नाही. मग कोणी दुसऱ्याने तो भाग अंगावर घेतला. आता जगात कुठे ती चिप अडली तर लोक त्याला हाका मारतात.

बारक्याचे मेल कमी होत गेले. ज्यांना उशिरा कळलं त्यांचे थोडे दिवस येत राहिले, मग तेही थांबले. अकराचा चहा आम्ही अजून घेतो. पण ती आता बोलत नाही फारसं, आणि मीही विचारत नाही. तिचं टेबल तिने खिडकीपासून हलवून भिंतीकडे नेलं, म्हणाली डोळ्यांवर ऊन येतं. पूर्वी येत नव्हतं वाटतं. तुझे बाबा परवासुद्धा म्हणत होते, आता तरी ते खातं बंद कर, त्यात येतंय काय?

एकच येतं. बुटांचं एक दुकान आहे, बारक्या त्याचं जुनं गिऱ्हाईक. पाय एवढे मोठे, दुसरीकडे माप मिळायचं नाही त्याला. त्या दुकानाला कोणी कळवलं नाही. ते अजून त्याला नावाने लिहितं, तुमच्या मापाचे नवे जोड आलेत, एकदा येऊन बघून जा. काकू ते मेल वाचते आणि तसेच ठेवते. मी एकदा म्हटलं, 'त्यांना तरी सांगून टाक गं.'

'राहू दे आई,' ती म्हणाली. 'त्यांना उत्तर द्यावं लागत नाही.'